सरकीचं पोतं आणि मामीची शिवण

माझ्या मामीनं विमान शिवलं होतं.

शिवलं. सुईदोऱ्यानं. टायपो नाही.

आज सकाळी अकोल्याला मामी गेली. नव्वदी पार केली होती. ती सुगरण होती, माणसं जोडणारी होती, असं सगळे लिहितील आणि ते खरंच आहे. पण विमानाबद्दल कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

माझ्या जन्माआधीची गोष्ट. पन्नासचं दशक संपत आलं होतं. मामा अकोल्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. त्याआधी लढाईच्या काळात तो विमानांचा मेकॅनिक होता, आणि तिथल्या एका साहेबानं त्याला थोडंफार उडवायलाही शिकवलं होतं. घरी परतला तो विमानाचं खूळ डोक्यात घेऊनच.

भंगारातलं इंजिन, सागाच्या पट्ट्या, मोटरसायकलची चाकं. दोन सीट, एकामागे एक.

पंखांवर कोरा मांजरपाट ताणून शिवला तो मामीनं. कापड ताठ राहायला एक खास लेप लागतो, तो काही मिळेना. मग मामीनं साबुदाण्याची खळ शिजवली आणि तिचेच तीन-चार हात दिले.

"उपासाच्या साबुदान्यावर कोनी उडते काय?" आजी म्हणाली. आजी म्हणजे मामाची आई. पुढं तिनं शपथच घातली, "तुले मरायचं तं मर. पन सुनेले त्या डब्यात बसवशील तं माझं मेलेलं तोंड पाहशील."

कारण मामीला बसायचं होतं. तिनं मामाला सरळ सांगितलं होतं, "शिवण माझी अन् जीव तुमचा? असं नाई चालत."

मामा नाही म्हणाला. टेस्ट फ्लाइटला पायलट एकटाच असतो, म्हणाला.

पण पायलटची सीट मागची. पुढची रिकामी ठेवली की विमान शेपटीकडं जड व्हायचं. म्हणून बॅलन्ससाठी पुढच्या सीटवर सरकीचं पोतं बांधलं. मामीची जागा पोत्याला मिळाली.

बाळापूर रस्त्याकडं एक पडीक वावर होतं. तिथं रूळ फिरवून पट्टी केली. घाई होती, कारण उन्हाळा लागला की आपल्या काळ्या मातीला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात चाक गेलं की खेळ खलास.

पहिल्या दिवशी सकाळी ही गर्दी! विमान पळालं, शेपूट उचललं, हातभर वर गेलं आणि डावा पंख पाडून धपकन खाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मामानं तारा तपासल्या. पोतं उजवीकडं सरकवून पाहिलं. गंमत म्हणजे दुपारी तेच विमान पळवलं की अगदी सरळ! पण दुपारी वारा सुटायचा, आणि वाऱ्यात पहिलं उड्डाण करायला मामा खुळा असला तरी वेडा नव्हता.

लोकांनी नाद सोडला. उरले तिघं. मामा, मामी आणि इंजिनाचा पंखा हातानं फिरवून देणारे गफूरचाचा.

आता माझा सगळ्यात लाडका भाग. (जन्मभर फिजिक्स शिकवलंय मी, समजून घ्या.)

एका सकाळी मामीनं दोन्ही पंखांवर टिचकी मारली. उजवा टणटण वाजला. डावा भदभद.

"हा पापड वाळला नाई अजून," ती म्हणाली.

विमान रात्रभर टिनाच्या शेडला लागून उभं असायचं. दवानं खळ मऊ पडायची, कापड सैल व्हायचं. सकाळी उजव्या पंखाला ऊन लागून तो ताठ व्हायचा. डावा मात्र शेडच्या सावलीत, तसाच ओला!

मग विमान उघड्यावर ओढलं आणि तिघं वाट बघत बसले. दव सुकल्यावर पण वारा सुटायच्या आत, तेवढाच वेळ हाती होता.

पुढचं मामाच्या तोंडून आम्ही शंभरदा ऐकलंय. "पुढं पोतं, मांगं मी. हातातला दांडा असा हलका का दोन बोटांवर! नदीपावतर गेलो, वळलो, उतरलो. पोतं बी नाई घाबरलं!"

असं म्हणून तो हसायचा, आणि मामी उठून आत जायची.

तेवढं एकच उड्डाण झालं. उतरताना चाक वाकलं, ते नीट होईस्तोवर भेगा पडल्या, आणि पुढं इंजिन विहिरीवर पंपाला लागलं. आजीनं पेढे वाटले.

मामा मला 'सीआयडी' म्हणायचा, एवढे प्रश्न मी विचारले. एकच राहिला होता.

मामाच्या वर्षश्राद्धाला मी अमरावतीहून गेले होते. मामी गच्चीवर पापड उलटत होती. मी म्हटलं, "मामी, एवढं शिवलंस. एकदा तरी वर जावं असं नाही वाटलं?"

"गेली होती ना."

"कधी?"

"त्याच दिवशी. पोत्याचं वजन पायजे ना, म्हटलं, मी बी तेवढीच हाये. पोतं शेडातच होतं."

आजीच्या शपथेपायी माणसानं जन्मभर पोत्याची गोष्ट सांगितली! आजी गेल्यावरसुद्धा!

"मामी, सांग ना, वरून काय दिसलं? नदी? वावरं?"

तिनं पुढचा पापड उलटला.

"काय दिसनार, माय? मी सारा वेळ डाव्या पंखाची शिवणच पाहून राह्यली होती. उसवली तं हे जातीन, एवढंच डोक्शात."

सावकाश जा, मामी.

शिवण पक्की होती.

या खेपेला तरी खाली बघ.