भरमाण्णा, बंब आणि बॉम्ब

फायर स्टेशनात आग रोज नसते. आग नसेल तेव्हा आम्ही गाडी पुसतो, नळ्या वाळत घालतो आणि बोलत बसतो. त्यामुळं विझवलेल्या आगी विसरल्या जातात आणि किस्से तेवढे साठत राहतात. माझी बायको म्हणते, "पाणी मारायचा पगार घेतासा आणि गप्पा मारून येतासा!" खोटं आहे असं कसं म्हणू?

आमचं स्टेशन बेळगाव आणि निपाणीच्या मधे, हायवेला धरून आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर हे कुणी सांगितलं ते साहेबांना कळेल, आणि मला अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे.

* * *

साहेबांपासूनच सुरुवात करतो. साहेब मंड्याकडचे. सज्जन माणूस, शर्टाला कडक इस्त्री. बदली होऊन आले तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. आल्या आठवड्यात बोरगावजवळच्या एका मळ्यात कडब्याची गंजी पेटली. आमच्या टाकीतलं पाणी संपत आलं. साहेबांनी तिथल्या म्हाताऱ्या मालकाला कन्नडात विचारलं, "नीरु इदेया?" म्हणजे पाणी आहे का?

म्हातारबांना कन्नड कळायचं, पण उत्तर मराठीत द्यायची सवय. ते म्हणाले, "हौद!"

आता आमच्याकडच्या कन्नडात 'हौद' म्हणजे 'हो'. साहेब खूश. "एल्लि?" म्हणजे कुठं?

"हौद!"

"हौद, हौद. एल्लि?"

"अवो हौद! हौद!"

आम्ही नळी धरून उभे. नवीन साहेबांच्या मधे बोलायची कुणाची हिंमत? साहेब आमच्याकडं वळून हळूच कन्नडात म्हणाले, "या माणसाला धक्का बसलाय. नुसतं हो हो म्हणतोय. आधी याला पाणी पाजा."

म्हाताऱ्याच्या पाठीमागं दहा पावलांवर काठोकाठ भरलेला हौद होता. त्यातलं तांब्याभर पाणी आम्ही त्याला पाजलं आणि बाकीचं गंजीवर मारलं.

* * *

आमच्या गाडीचे ड्रायव्हर भरमाण्णा. खानापूर तालुक्यातले, शेतकरी घरचे. मिशा पांढऱ्या, पण मनगट अजून दोघांना भारी. सगळी नोकरी ते एकाच जागी बसले. ती जागा सायरनच्या बरोब्बर खाली आहे. व्हायचं ते झालं. डावा कान पार गेला, उजवा ओरडलं तरच चालायचा.

रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं होतं. साहेबांना कळलं असतं तर मेडिकल, मेडिकल झाली असती तर 'अनफिट', आणि अनफिट म्हणजे घरी. अण्णांचं एकच मागणं होतं. "स्टेअरिंगवरनं एकदाच उतरायचं रं, गळ्यात हार घालून. मधीच कुणी खाली वढलं तर मी कुठं तोंड दाखवू?"

मग आम्ही सगळ्यांनी मिळून लपवलं. गाडी निघाली की अण्णांच्या शेजारी मी बसायचो आणि त्यांच्या मांडीवर थाप मारायचो. एक थाप म्हणजे डावीकडं, दोन म्हणजे उजवीकडं, आणि करकचून चिमटा म्हणजे ब्रेक. धोक्याचं होतं का? होतं. पण रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांना आमचा सायरन ऐकू येत होता. ऐकू न येणारा माणूस एकच, आणि तो आमच्या ताब्यात होता.

एकदा आक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, मांडीवरचे काळेनिळे डाग बघितले. "ह्ये कोण करतंय?"

अण्णा म्हणाले, "ऑफिसचं काम हाय."

आक्का त्या दिवसापासून आमच्या ऑफिसकडं फिरकलेल्या नाहीत.

* * *

एकदा निपाणीच्या बाजूला तंबाखूचं गोडाऊन पेटलं. मी तेव्हा तंबाखू सोडली होती. देवापुढं शपथ घेऊन एकवीस दिवस झालेले, बायको कॅलेंडरवर रोज खूण करायची. गोडाऊन सकाळपासून दुपारपर्यंत धुमसलं. आमची डोकी गरगरायला लागली. बाहेर बघ्यांची ही गर्दी! पोलीस वैतागून एका आजोबांना म्हणाला, "आग कधी बघितली न्हाय व्हय?"

आजोबा म्हणाले, "आग कोण बघतंय सायेब? वास घ्यालोय."

घरी आलो. बायकोनं दारातच हुंगलं. "किती खाल्लासा?"

"खाल्ली न्हाय गं! गोडाऊन जळालं."

"केवढं?"

"हे एवढं मोठं."

ती आत गेली आणि कॅलेंडरवरच्या एकवीस खुणा खोडून आली. म्हणाली, "शपथ मोडायची म्हणून माणूस एवढी मोडतोय व्हय?"

* * *

मग ती युद्धाची गडबड सुरू झाली. टीव्हीवर दिवसभर एकच, 'सीमेवर तणाव!' आमच्याकडं सीमा म्हटलं की आधी दोन राज्यांच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका डोळ्यापुढं येतो. पहिल्या दिवशी स्टेशनला एकामागून एक फोन. "कोल्हापूरच्या एस्ट्या बंद झाल्या काय वो?" फोनवर बसणारा मंजुनाथ दावणगेरेचा, नवीनच आलेला, मराठी शिकत होता. तो प्रत्येकाला समजावून सांगायचा, "ही सीमा नाही. ती सीमा." लोक म्हणायचे, "बरं झालं. मग जाऊन येतो."

त्या आठवड्यात जादा बंदोबस्त म्हणून आमची गाडी आणि आम्हाला बेळगावात नेऊन ठेवलं. सोबत साहेब आणि मंजुनाथही. एका सकाळी फोन आला. शहापूरच्या विणकरांच्या गल्लीतली एक आक्का ओरडत होती, "बंब फुटलाय! लौकर बंब पाठवा!"

आता आमच्या मराठीत बंब दोन. एक आमचा, आगीचा. दुसरा न्हाणीतला, तांब्याचा, अंघोळीचं पाणी तापवायचा. मंजुनाथला हे दोन्ही माहीत नव्हते. त्याला तिसरा माहीत होता.

त्यानं रजिस्टरला नोंद केली, 'एक बॉम्ब फुटला. आणखी एक पाठवावा अशी मागणी.'

साहेबांनी ती वाचून पोलिसांना कळवलं. आम्ही पोचतो तोवर गल्ली मोकळी केलेली. हेल्मेट घातलेले पोलीस, त्यांचं कुत्रं, सगळं हजर. मागावरची माणसं साड्या तशाच सोडून बाहेर उभी. आक्कांच्या न्हाणीतला बंब खालून उसवला होता, निखारे बाहेर पडून सरपणाला लागले होते, आणि भिंतीपलीकडं तयार साड्यांचे गठ्ठे. बाईचं वर्षाचं काम त्या गठ्ठ्यांत. पण बाई जिगरबाज, दोन बादल्यांत तिनं स्वतःच सगळं विझवलं होतं.

पोलीस इन्स्पेक्टर न्हाणीच्या दारातनं ओरडले, "बॉम्ब कुठाय?"

"त्यो काय!" आक्कांनी बोट दाखवलं.

इन्स्पेक्टरसकट सगळे जमिनीवर पालथे! कुत्रं तेवढं उभं राहिलं.

आक्का म्हणाल्या, "अवो उठा की! तांबटाकडनं डाग मारून आणला की झालं, अजून दहा वर्षं चालतोय त्यो."

* * *

आम्ही बेळगावातनं परत आलो तोवर वरनं आदेश आलेला. शत्रूनं गावावर बॉम्ब टाकलाय असं समजून मॉक ड्रिल करायची. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "आपल्या गावावर बॉम्ब कशाला टाकतील?" टपरीवाल्याला तो अपमान वाटला. "का? न टाकायला काय झालं? आपलं गाव काय कमी हाय?"

आदेश असा, की बरोबर चार वाजता गावातली लाईट घालवायची. आमच्याकडं तीनलाच गेली. मग चारला घालवायची म्हणून पावणेचारला खटपट करून परत आणली.

एका पडक्या गोदामात टायर पेटवून धूर केला. जखमी म्हणून गावातले लोक घेतले आणि गळ्यात पाट्या अडकवल्या. मी 'डोक्याला मार'. माझ्या शेजारी बोरगावचा एक शेतकरी 'मयत'. त्यानं ते मुद्दाम मागून घेतलं होतं, पडून राहायला मिळतंय म्हणून. थोड्या वेळानं चहा आला. मयतानं हात पुढं केला. वाढणारा म्हणाला, "तुला न्हाय. तू मेलाईस."

मयत उठला, पाटी माझ्या छातीवर ठेवली आणि म्हणाला, "मग मी जातो. म्हशीची वेळ झाली." साहेबांनी अहवालात लिहिलं, 'मृत तीन. पैकी एक घरी गेला.'

खरी भानगड वेगळीच झाली. नियम असा होता, की विमान आल्याचा सायरन वाजला की जो जिथं असेल तिथं पालथा पडेल, गाडी जागेवर थांबेल, आणि दुसरा लांब सायरन होईपर्यंत कुणी हलायचं नाही. मी जखमी असल्यामुळं अण्णांच्या शेजारी त्या दिवशी मंजुनाथ. चिमटा कसा काढायचा ते मी त्याला सकाळी तीनदा दाखवलं होतं. गाडी गोदामाच्या रस्त्याला असताना सायरन वाजला आणि मंजुनाथनं नियम पाळला. तो सीटखाली पालथा पडला.

अण्णांच्या मांडीला काही लागलं नाही. त्यांनी समोर बघितलं तर रस्त्याच्या दोन्ही कडेला सगळं गाव पालथं पडलेलं! त्यांना वाटलं, प्रकरण फारच वाढलेलं दिसतंय. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. आकाशातनं बॉम्ब पडतायत असं सगळे समजून चाललेत, आणि आमची गाडी मधनं सरळ गोदामाला. अण्णा एकटे उतरले, पंप चालू केला, नळी ओढली, आणि दुसरा सायरन व्हायच्या आत टायर विझवूनसुद्धा टाकले.

परीक्षक म्हणून एक रिटायर मेजर आले होते. ते जमिनीवरनं उठले, कपडे झटकले आणि अण्णांना कडक सॅल्यूट ठोकला. "भर बाँबिंगमध्ये या माणसानं मान खाली घातली नाही! फौजेतसुद्धा असे थोडेच बघितले."

अण्णांना काहीच ऐकू आलं नाही. ते हसून म्हणाले, "व्हय, व्हय. पाणी पुरलं."

* * *

मेजरसाहेबांनी तिथंच न थांबता शौर्यपदकासाठी अण्णांचं नाव पाठवलं. पंधरा दिवसांत पत्र आलं. 'शिफारस स्वीकारली. सोबत उमेदवाराचा वैद्यकीय दाखला जोडावा.'

आमच्या तोंडचं पाणी पळालं. अण्णा साहेबांकडं जाऊन म्हणाले, "मला पदक नको." साहेब आम्हाला म्हणाले, "बघा, शिका जरा! केवढा नम्र माणूस!"

बेळगावला मेडिकल झाली. डॉक्टरांनी पाठीमागं उभं राहून हळू आवाजात आकडे म्हटले. अण्णांनी ते ऐकून परत म्हणायचे होते, पण ते नुसते सावधानमध्ये उभे राहिले. खोलीत लई शांतता आहे, असं त्यांना वाटलं.

पदकाची फाईल परत आली. शेरा होता, 'उमेदवार अनफिट.' त्याखाली दुसरा आदेश होता. 'ड्रायव्हिंगवरून तात्काळ कमी करावे. कानाची अवस्था पाहता निवृत्तीपर्यंत हलके काम द्यावे. ते न जमल्यास घरी पाठवावे.'

आमच्या स्टेशनात हलकं काम एकच आहे. फोन घ्यायचा.

साहेबांनी तो आदेश तीनदा वाचला. मग आम्हाला बोलावून एकेकाला झाडलं, इतके दिवस लपवल्याबद्दल. चूक आमची होतीच. गाडी माझ्याकडं आली. अण्णांनी किल्ली माझ्या हातात दिली. "दुसरा गिअर जरा अडकतोय, दमानं घाल." एवढंच बोलले. हाराचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि मीही नाही. मागच्या नळावर जाऊन मी तोंड धुतलं, कारण मला रडू आवरत नव्हतं.

* * *

फोन ड्युटीची पहिली सकाळ. अण्णा इस्त्रीची खाकी घालून फोनपुढं बसले, पंजा रिसीव्हरवर ठेवून, म्हणजे वाजला की हाताला कळावा. साहेब पाठीमागं उभे. त्यांच्या हातात टाईप केलेला कागद होता, 'हलके काम जमत नाही' असा. खाली फक्त सही राहिली होती. साहेबांचाही जीव तुटत होता, ते दिसत होतं. ते अण्णांच्या उजव्या कानाला तोंड लावून इथं शिकलेल्या मराठीत ओरडले, "भरमाण्णा, एक फोन चुकला तरी माणूस मरतो. मग मला सही करावी लागेल."

अण्णांनी मान डोलवली. पडताळायला म्हणून मंजुनाथ दुसरा रिसीव्हर घेऊन बसला होता. मी खिडकीबाहेर गाडीत, दुसऱ्या गिअरशी झटत.

फोन वाजला. अण्णांनी उचलला.

"बोला! ... कोगनोळी ... नाक्याच्या अलीकडं ... ट्रॅक्टर उलटलाय ... डिझेल पेटलंय ... दोघं खाली अडकल्यात ... आलो!"

ठेवला. स्वतःच उठून घंटा दिली. सगळे गाडीकडं पळाले. एवढ्या वेळात मंजुनाथचं नुसतं 'नमस्कार' होत असतं.

साहेबांनी मंजुनाथकडं बघितलं. तो रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरून बसला होता. त्यानं मान हलवली, शब्दन्‌शब्द बरोबर.

साहेबांच्या हातातला कागद तसाच राहिला. ते परत अण्णांच्या कानाशी वाकले. "भरमाण्णा, सगळं ऐकू आलं? कसं काय?"

अण्णा घंटेची दोरी सोडत म्हणाले, "साहेब, आग लागलेला माणूस कधी हळू बोलतोय व्हय?"