रजेच्या अर्जातला मामा

१९९१, मार्चमधला रविवार, सकाळी दहा. अंबरनाथच्या एका शाळेतला वर्ग. हजर: उल्हासनगरची सिंधी कापडदुकानवाली, बेलवलीच्या एक शिक्षिका, एका दारुड्या कामगाराची म्हातारी आई आणि मी. इथे नावं लिहायची नाहीत, असं मला आधीच बजावलं होतं.

नवऱ्याची दारू सुटावी म्हणून मी या सभेचा पत्ता शोधत आले होते. दारू सोडू पाहणारे शेजारच्या वर्गात बसत, घरचे इथे. उपाय उतरवून घ्यायला मी वही उघडली.

दुकानवालीने विचारलं, "भाभी, साहेबांच्या रजेचा अर्ज कोण लिहितं?"

"मीच. त्यांचा हात थरथरतो."

"घ्या, आपल्यासारखं हिचं पण अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मीही हसत वहीची मागची पानं दाखवली. तिथे प्रत्येक अर्जातलं कारण तारखेसकट होतं: ताप, जुलाब, मामा वारले. तोच मामा पुन्हा मरू नये म्हणून मी यादी ठेवत असे.

म्हातारी म्हणाली, "बाय, तू एवढं झाकलंस तर तो सोडील कशाला?"

मी नोकरी वाचवतेय असं समजत होते, आणि इतकी वर्षं त्यांची दारूच नीट सांभाळली होती.

दुपारी बदलापूरला घरी आले. हे पलंगावरूनच म्हणाले, "उद्याचा अर्ज लिहून ठेव. ताप लिही."

कोरा कागद आणि पेन त्यांच्या उशाशी ठेवून मी धुणं भिजवायला गेले. अर्ज लिहायचा बाकी होता.