विहिरीच्या गाण्याचं शेवटचं कडवं

मी क्वांटिटी सर्व्हेअर आहे. किती सिमेंट लागेल, किती वाया जाईल, काय काढून टाकलं तर इमारत तरीही उभी राहील, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. गाण्याच्या बाबतीतही मी हेच केलं.

माझे वडील अकोल्याकडचे. आयुष्यभर रेल्वेत नोकरी आणि सुट्टीत गायन पार्टी. हार्मोनियम, ढोलकी, मागे चार कोरसवाले. जयंतीचा महिना आला की ते घरी फक्त कपडे बदलायला यायचे. त्यांची गाणी पुष्कळ होती, पण लोक मागायचे ते एकच, विहिरीचं. एक माणूस गावासाठी विहीर खणतो, दिवसामागून दिवस खोल जातो, त्याची बायको काठावरून भाकर खाली सोडते. शेवटी पाणी लागतं, गाव नाचतं, आणि मग त्यालाच सांगतात की बाजूला हो, पाणी विटाळेल. चौदा कडवी. पूर्ण म्हटलं तर अकरा मिनिटं लागायची.

प्रत्येक कडव्याची पहिली ओळ दोनदा यायची:

विहीर खणली ज्यानं, तो काठावर उभा,
विहीर खणली ज्यानं, तो काठावर उभा,
पाण्याला विचारतो, सांग मी तुझा कोण रे बाबा.

शेवटच्या कडव्यात गाणाऱ्याचं नाव. ही आमच्याकडची जुनी रीत. अमुक शाहीर म्हणे, पाणी पिताना एकदा खणणाऱ्याचं नाव घ्या, असं ते कडवं होतं आणि अमुकच्या जागी वडिलांचं नाव होतं.

लहानपणी मला या गाण्याची दोन कारणांनी लाज वाटायची. एक म्हणजे ते स्वतःचं नाव छातीवर हात ठेवून घ्यायचे. दुसरं म्हणजे 'उभा' या शब्दावर ते बेसूर व्हायचे. हार्मोनियमची पट्टी एक सांगायची आणि त्यांचा गळा तिच्या जरा खाली जाऊन बसायचा. शाळेत मला पेटी शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यामुळे माझा कान फार शहाणा झाला होता.

लग्नानंतर आम्ही मस्कतला आलो. अझैबात घर, गच्चीवरून जुन्या विमानतळावर उतरणारी विमानं दिसायची. इथे आमच्यासारखी बरीच कुटुंबं होती, बहुतेक इंजिनियर नाहीतर ऑफिसातले. एप्रिलमधल्या एका शुक्रवारी हॉल घेऊन जयंती व्हायची. हॉल मोजक्या तासांसाठी मिळायचा आणि मुलांचे नाच भरमसाट, म्हणून प्रत्येकाला पाच मिनिटं. पहिल्याच वर्षी मला वडिलांचं गाणं म्हणायला सांगितलं. मी कागद घेतला आणि चौदा कडव्यांची पाच केली. खणणं ठेवलं, भाकर ठेवली, पाणी लागणं ठेवलं, बाजूला हो ठेवलं आणि काठावर उभा राहणं ठेवलं. नावाचं कडवं पहिल्या फटक्यात उडवलं. त्यात गोष्ट पुढे सरकत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या सुशिक्षित मंडळींपुढे बापाचं नाव गाऊन मिरवणं मला नको होतं.

त्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला. कसं झालं, लोक किती होते, जेवायला काय होतं, सगळं विचारून झालं. मग ते म्हणाले, शेवटचं कडवं म्हटलं ना? मी म्हटलं, हो.

पुढे दर वर्षी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. त्यांची पार्टी तोवर मोडली होती. ढोलकीवाला वारला, कोरसवाले मुलांकडे पुण्याला गेले, गावात आता मोठाल्या स्पीकरवर तयार गाणी लागायची. वडिलांचं नाव म्हटलं जाण्याची एकच जागा उरली होती, आमचा मस्कतचा हॉल. हे मला कळत होतं. कळूनही मी पुढच्या वर्षी पाचच कडवी म्हणायचे, कारण एकदा 'हो' म्हटल्यावर मागे कसं फिरायचं ते सुचत नव्हतं.

माझी मुलगी दोन गल्ल्या पलीकडे एका गोवेकर काकांकडे कीबोर्ड शिकायला जायची. हे काका एका हॉटेलात सॅक्सोफोन वाजवायचे आणि दुपारी मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. एकदा त्यांनी मुलांना घरातलं एखादं गाणं आणायला सांगितलं. माझ्या मुलीचं मराठी अडखळत चालायचं, पण विहिरीचं गाणं ऐकून ऐकून तिला पाठ होतं. अर्थातच पाच कडवी. सहावं काही आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

मी तिला आणायला गेले तेव्हा काका दारातच थांबले होते. "मॅडम, ये तो ब्लूज है," ते म्हणाले. पहिली ओळ दोनदा, तिसऱ्या ओळीत उत्तर, असं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. मग त्यांनी 'उभा' वाजवून दाखवलं. आजोबा फोनवर तिला तेवढी एकच ओळ म्हणून दाखवायचे, ती ऐकून माझी मुलगी जसं म्हणायची तसंच, कोमल गंधारही नाही आणि शुद्धही नाही, दोहोंच्या मधे कुठेतरी. हा सूर मुलांना शिकवता शिकवता माझी दाढी पिकली, ही कुठून घेऊन आली, असं ते विचारत होते. मी म्हटलं, माझे वडील तिथे बेसूर व्हायचे. काकांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं.

मग त्यांनी मला उभ्या उभ्या एक शिकवणीच दिली. ब्लूज म्हणे दूरच्या मुलखात असं जन्माला आलं. लांबलचक गोष्टींची जुनी गाणी बोटींतून आली, शेतात राबणाऱ्या गुलामांच्या गाण्यांत मिसळली. गोष्ट हळूहळू गळत गेली, गावांची नावं बदलली, गोष्टीत मेलेल्या माणसाच्या जागी कधी बाई आली, आणि उरलं ते फक्त दुःख आणि दोनदा म्हणायची ओळ. मग बँडवाल्यांनी शब्दही टाकले आणि चाल ठेवली. प्रत्येकाने ती आपल्या पद्धतीने वाजवली आणि सगळ्यांना यायला लागली तेव्हा तिला स्टँडर्ड म्हणू लागले. पहिल्यांदा कोणी म्हटलं हे विचारायची सोयच राहिली नाही. गोष्ट गळाली तरी गाणं उरतं, हे मला मनापासून पटलं. माझ्या धंद्यातही जास्तीचं काढल्यावरच खरा आकार दिसतो.

काकांनी ते गाणं हॉटेलात नेलं. आधी संथ, नुसत्या सॅक्सोफोनवर. मग त्यांच्या बँडमधल्या फिलिपिनो गायिकेने त्याला इंग्रजी शब्द लावले. तिच्या गाण्यात खणणारा राहिला नाही. नवरा सोडून गेला आणि विहीर आटली, असं काहीतरी झालं. वर्षाभरात ती चाल मस्कतभर पसरली. मी एकदा कामासाठी मस्कतबाहेर निझवा गावाला गेले होते. दुपारी जेवायला थांबलो तिथे एक माणूस कोपऱ्यात कीबोर्डवर तेच वाजवत होता, पण भलत्याच वेगात, लग्नात वाजवावं तसं. जेवण झाल्यावर मी त्याला विचारलं, हे कुणाचं? तो म्हणाला, कुणाचं नाही, जुनं आहे, सगळेच वाजवतात. माझा ड्रायव्हर बाहेरून यल्ला, यल्ला म्हणत निघायची घाई करत होता. मी गाडीत जाऊन बसले. फलजचं, म्हणजे तिथल्या जुन्या पाटाचं पाणी रस्त्याकडेने वाहत होतं आणि मला एकदम वडिलांचा फोन आठवला. मन खजील झालं. तरी मी काही केलं नाही.

मग वडील आले, व्हिजिट व्हिसावर, थंडीत. आई गेल्यानंतरचं ते पहिलं वर्ष. नातीने आल्या आल्या सांगून टाकलं की आजोबांचं गाणं हॉटेलात वाजतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच इस्त्री करून पांढरा सदरा घातला आणि चारपासून सोफ्यावर तयार होऊन बसले. आता लपवायला जागा नव्हती.

त्या हॉटेलात पाच वाजता चहाच्या वेळी बँड असायचा. काकांनी लांबूनच मान झुकवली. त्यांनी गाणं सुरू केलं आणि 'उभा'च्या जागी सॅक्सोफोन तसाच खाली जाऊन बसला. वडिलांनी गुडघ्यावर ताल धरला होता, तो हात तिथे थांबला. ती बाई गायला लागल्यावर त्यांनी नातीला विचारलं, काय म्हणते? मुलगी शब्द शोधत म्हणाली, तिचा हजबंड गेला आणि विहिरीत पाणी नाहीये. वडील हसले. विहीर राहिली ना, मग झालं, म्हणाले.

टेबलावर त्या दिवशीच्या गाण्यांचं छापील कार्ड होतं. त्यावर या गाण्यापुढे पारंपरिक असं इंग्रजीत छापलेलं होतं. त्यांना इंग्रजी वाचता यायचं, रेल्वेत होते. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि कार्ड उलटं करून ठेवलं. गाणं संपल्यावर नात काकांकडे धावली तेव्हा मी म्हटलं, "बाबा, शेवटचं कडवं मी कधीच म्हटलं नाही. पहिल्या वर्षापासून."

"तुह्यं 'हो' मले पयल्याच वर्षी समजलं होतं, माय," ते म्हणाले. "मीबी असाच 'हो' म्हनलो होतो."

मग त्यांनी चहा ढवळत सांगितलं ते असं. गाणं त्यांचं नव्हतंच. त्यांच्या उस्तादांचं होतं आणि उस्तादांनी ते आपल्या आईच्या जात्यावरून उचललं होतं. त्या आईच्या ओव्यांना तर शेवटच नव्हता, दळण संपेल तेव्हा गाणं संपायचं. उस्तादांनी त्याची चौदा कडवी केली आणि शेवटी आपलं नाव घातलं. रीत अशी की शिष्याने आधी गुरूचं नाव घ्यायचं, मग आपलं. वडील पहिल्यांदा मोठ्या मंचावर गेले तेव्हा वेळ आखलेली होती, दोन नावं ओळीत मावत नव्हती, आणि तरुणपणाची रग होती. त्यांनी गुरूचं काढलं. उस्ताद तेव्हा आजारी, खाटेवर. परत आल्यावर त्यांनी विचारलं, नाव घेतलं ना? वडील म्हणाले, हो. उस्ताद पुढच्या महिन्यात गेले.

"म्हनून दर सालाले विचारत होतो," ते म्हणाले. "तू एखांद्या वर्षी 'नाही' म्हनशीन, तं मलेबी सांगता येईन."

मला तिथे, त्या चहाच्या टेबलाशी, रडू आलं. इतकी वर्षं मी त्यांना नावाचे भुकेले समजत होते.

त्यांनी त्या वेळी मला उस्तादांचं नाव सांगितलं. माझ्या जन्मात ते मी पहिल्यांदा ऐकलं. घरी येऊन त्यांनी ओळ पुन्हा बांधली. पहिल्या ओळीत उस्ताद, ती दोनदा, आणि तिसऱ्या ओळीत फक्त पाणी आणि खणणारा. स्वतःचं नाव त्यांनी घातलं नाही. मी हट्ट केला तर म्हणाले, ते तुझं काम.

गावी परतल्यावर दोन महिन्यांनी ते गेले. मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर आलेल्या एप्रिलमध्ये हॉलमध्ये मी सहा कडवी म्हटली. शेवटच्यात पहिल्यांदा उस्ताद, दुसऱ्या वेळी त्याच ओळीत माझे वडील. दोन्ही नावं व्यवस्थित मावली. काका पहिल्या रांगेत बसून 'उभा'वर मान हलवत होते.

त्या कडव्याला पाऊण मिनिट लागतं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. त्या संध्याकाळी सवयीने फोन हातात घेऊन बसले. मला 'हो' म्हणायचं होतं.