पाटीवाले काकांचं ‘यो’

सकाळचे सात. दूध गॅसवर, ह्यांचा एक मोजा बेपत्ता, सासूबाईंना चहा दुसऱ्यांदा गरम करून हवा, आणि तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार वाजवणारा आमच्या इमारतीत एकच माणूस, तो म्हणजे तळमजल्यावरचे पाटीवाले काका.

“ताई, तुम्हाला स्पॅनिश येतं म्हणे?”

“यायचं. कॉलेजात शिकले, लग्नाआधी तीन वर्षं भाषांतराची कामंही केली. का हो?”

“मला शिकवा. आणि दूध उतू जातंय तुमचं.”

गेलंच होतं.

काकांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आमच्या रस्त्यावरचा चष्मेवाला, किल्लीवाला, दातांचा डॉक्टर, सगळ्यांची नावं त्यांच्याच हातची. स्वतःला न येणाऱ्या भाषांतल्या पाट्यासुद्धा ते नुसत्या बघून हुबेहूब उतरवायचे. “अर्थ गिऱ्हाईकाचा, वळण माझं,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांची लेक लग्न करून दूरदेशी गेली. तिची मुलगी आता सहा वर्षांची, आणि तिला बोलता येतं ते फक्त स्पॅनिश. दर रविवारी फोनवर आजोबा-नात एकमेकांना बघतात, मध्ये लेक दुभाषी.

“पोरगी हातवारे करकरून दहा वाक्यं बोलते हो,” काका म्हणाले, “आणि माझी लेक मला सांगते, ‘शाळा छान चाललीय म्हणते.’ उरलेली नऊ कुठं जातात?”

यावर नाही कोण म्हणेल? मी हो म्हटलं आणि पुढचे दोन महिने पस्तावले.

पहिला धडा सर्वनामांचा. “यो म्हणजे मी. तू म्हणजे तू.”

“तू म्हणजे तूच?” काका खूश. “चला, एक तरी घरचं निघालं!”

“एल म्हणजे तो, एया म्हणजे ती. मान द्यायचा असेल तर उस्तेद, म्हणजे तुम्ही. नोसोत्रोस म्हणजे आम्ही, आपण.”

वहीत उतरवून घ्यावं की नाही? दुसऱ्या दिवशी हा माणूस लाल-निळ्या रंगात झकास पाट्या रंगवून घेऊन आला, भोक पाडून दोरी ओवलेल्या. मला काही कळायच्या आत सासूबाईंच्या खुर्चीला ‘एया’ टांगली गेली.

“ही कसली घंटा बांधताय मला?” सासूबाई कडाडल्या. “आणि ‘ती’ काय? या वयात एकेरी?”

“आजी, तुमच्यासमोर उस्तेद. तुमच्या मागं एया.”

“म्हणजे मागं एकेरीच बोलता. बरं झालं, कळलं एकदाचं.”

‘एल’ची पाटी ह्यांच्या ऑफिसच्या पिशवीला लागली. हे ती तशीच घेऊन गेले आणि संध्याकाळी माझ्यावर चिडले. काका मात्र हसत होते. “ताई, तुम्ही नवऱ्याचं नाव घेत नाही, ‘हे’ म्हणता. सर्वनामावरच संसार चाललाय की तुमचा!”

माझं डोकं फिरवलं ते मात्र ‘यो’नं. यो पिंतो, मी रंगवतो. यो बेबो, मी पितो. यो दुएर्मो, मी झोपतो. पंधरा वाक्यं, पंधरा यो.

“काका, दर वेळी यो नको. नुसतं पिंतो म्हटलं तरी मीच रंगवतो हे कळतं. पिंतास म्हटलं की तू रंगवतोस. आपण निघताना ‘येतो हं’ म्हणतो. ‘मी येतो हं’ म्हणतं का कुणी?”

“पाटीवर मालकाचं नाव नसेल तर दुकान कुणाचं, हे कसं कळणार?”

“जोर द्यायचा असेल, नाहीतर घोटाळा होत असेल, तेव्हाच घालायचं!”

“मग मी जोरच देतो,” म्हणाले. अशा माणसापुढे डोकं आपटायचं तरी कुठं?

दोन महिन्यांनी काका म्हणाले, या रविवारी लेकीला बाजूला बसायला सांगतो, तुम्ही या जोडीला. त्यांच्या स्वयंपाकघरात रंगाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. नात समोर आली. पुढचा दात हलत होता तिचा.

“ओला!” काकांनी नमस्कार ठोकला. “यो पिंतो. तू पिंतास?”

“यो गाळा,” मी कुजबुजले. खरं तर कुजबूज कसली, ओरडलेच.

पोरगी खुदकन हसली आणि सुटली. भिंतीवर तिनं मासा काढला, आई रागावली. जिन्याखाली मांजरीला तीन पिल्लं झालीत, त्यातल्या एकाला शेपूटच नाही. काका माझ्याकडे बघायला लागले. मी तिलाच उलट विचारलं, शेपटीचं काय झालं ग? कित्येक वर्षांनी ती भाषा तोंडात आली होती, मला थांबवेना. पोरगीही मग माझ्याशीच बोलत राहिली. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मग तिला जेवायला हाक आली आणि फोन बंद झाला.

“काय काय म्हणाली?” काकांनी विचारलं.

घरी पाहुणे यायचे होते. “एकदम मजेत आहे हो. गप्पिष्ट आहे भारी,” मी म्हटलं आणि चपला घातल्या. काका फडक्यानं फोन पुसत बसले.

जिन्याच्या पाचव्या पायरीवर पोचले तेव्हा कळलं, मीही त्यांच्या लेकीसारखंच केलं होतं. तशीच परत फिरायला हवं होतं. फिरले नाही.

सोमवारी सात वाजता दार वाजलं. काका वही घेऊन उभे होते.

“काका, काल मी नीट सांगितलंच नाही,” मी घाईघाईनं म्हटलं. “तिनं भिंतीवर मासा काढलाय.”

“कुठल्या रंगाचा?”

मी विचारलंच नव्हतं.

काकांनी मान हलवली. रागावलेले दिसत नव्हते. “शिकायला मी रोज येणार, यो म्हणणार आणि तुमच्या शिव्याही खाणार,” ते म्हणाले. “फक्त एवढं करा ताई, येत्या रविवारी फोनवर माझ्या शेजारी बसू नका.”