लपलेल्या यानाचा नियम

संपाला वर्ष उलटलं तरी गंगाधरच्या हातांना ते पटलेलं नव्हतं. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसल्या बसल्या त्याची बोटं तुटलेला धागा जोडत राहायची, धागा नसताना. वीस वर्षं गिरणीत कापड विणायचे साचे, म्हणजे माग, चालवलेला माणूस, त्याला स्वस्थ बस म्हणणं ही शिक्षाच. रोज उठून गिरणीच्या गेटपर्यंत जायचं, बंद गेट बघायचं, परत यायचं. परत आला की बायको मालन पापड लाटता लाटता विचारायची, आता काय? त्यावर हा पुन्हा चप्पल शोधायला लागायचा.

अशात त्याने खेळ काढला. अवकाशयानांच्या लढाईचा एक इंग्रजी सिनेमा त्याने कधीतरी पाहिला होता. बोलणं कळलं नव्हतं, यानं मात्र चांगली कळली होती. कॅरमबोर्ड उलटा करून त्याने खडूने घरं आखली आणि जुन्या बॉबिनच्या चकत्या कापून यानं केली. समोर खेळायला शेजारच्या खोलीतला गणपत, त्याच्याच खात्यातला सोबती. चाळिशीतले दोन बाप्ये यानं सरकवत बसलेले पाहून चाळ हसायची. हसू दे.

अडलं ते लपण्यापाशी. लपायचं तर यान पटावरून उचलायचं, आणि ते कुठे आहे ते पाटीवर लिहून पाटी पालथी ठेवायची. पहिल्या नियमात लपलेलं यान हवं तिकडे फिरे. मग काय, दोघंही लपले आणि रिकाम्या पटाकडे बघत बसले. नियम बदलला, लपलेल्याने हलायचंच नाही. मग कोणी लपेचना. गंगाधरची झोप उडाली. जेवताना तो भातात घरं पाडू लागला आणि मालनने कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी गणपतच वैतागून म्हणाला, “लपलेल्याला थोडं तरी हलू दे रे. एका जागी बसून मरायचं काय त्याने?”

त्यावरून रात्री अंथरुणात गंगाधरला सुचलं. पट्टा उतरवला तरी साचा लगेच थांबतो थोडाच? तसंच इथे. इंजिन बंद करून लपायचं, पण यान निघालं होतं त्याच दिशेने दर पाळीला एक घर सरकत राहणार. वळायचं तर इंजिन लावायचं, आणि इंजिन लावलं की सगळ्यांना दिसायचं. नियम असा चोख बसला की त्याला गणपतला उठवून सांगावंसं वाटलं. सकाळी गेला तर गणपत बाहेर पडलेला, हल्ली तो दिवसा सापडत नव्हता. माझगावला गोदीत हमाली मिळाल्याचं त्याची बायको राधाबाई म्हणाली.

गणपत आला तो संध्याकाळी. नेमके तेव्हाच संप समितीचे तिघे गॅलरीत चहा पीत बसले होते. गिरणीने काही साचे सुरू केलेत, माणसं बंद गाडीतून आत नेतात, असं त्यांचं बोलणं चाललं होतं. या चाळीतला कोणी कामावर गेलेला निघाला तर त्याचं सामान खाली चौकात, आणि पाठोपाठ तोही, असं ठरलं होतं. गंगाधरने मान डोलावली. त्याचंही तेच मत होतं.

गंगाधरने नवा नियम सांगितला आणि खेळ सुरू झाला. गणपत लपला, दोन पाळ्या सरकला आणि पाटी उलटून म्हणाला, “इंजिन लावलं.”

बोलला कसला, ओरडला. गंगाधरने पटावरून मान वर केली. साच्यांच्या खडखडाटात आठ तास काढलेला माणूस बाहेर आल्यावरही असाच बोलतो, आपण ओरडतोय हे त्याला कळतच नाही. संपाच्या वर्षात सगळ्या चाळीचा आवाज खाली आला होता. गणपतचा आज पुन्हा चढला होता.

गंगाधर संतापला. आपण इथे उपाशी बसलोय आणि हा साचे चालवतोय. एक शब्द बोलायचा अवकाश होता. राधाबाई दारात उभी होती. तिनेही ऐकलं होतं, आणि ती गणपतकडे न बघता गंगाधरकडे बघत होती. समितीतल्या एकाने बशी खाली ठेवून मान वळवली.

“लाव की मग,” गंगाधर त्याच्याहून मोठ्याने ओरडला. “मी काय भितो काय तुला?”

“बहिरे झालात काय दोघं?” समितीवाला म्हणाला.

“खेळात बोलायचं नाय,” गंगाधर त्याच्यावरही खेकसला. तिघे हसले. गेम डोक्यात गेलाय यांच्या, असं म्हणत जिना उतरले.

गणपत त्या दिवसानंतर खेळायला आला नाही. गंगाधरनेही बोलावलं नाही. त्याने गणपतला माफ केलं नव्हतंच. पण गॅलरीत तो रोज तसाच ओरडून बोलत राहिला, म्हणजे चाळीत एकट्या गणपतचाच आवाज वेगळा पडायला नको. पुढे गिरणी कायमची बंद झाली, गणपतचीही नोकरी गेली. गंगाधर लोअर परळला एका ऑफिसच्या गेटवर वॉचमन झाला. त्याचं ओरडून बोलणं ऐकून तिथली पोरं म्हणतात, साच्यांनी काकांचे कान गेले.

घरी दार लावून घेतलं की तो मालनशी हळूच बोलतो.