तिसरी गाठ

पुष्पककाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या शिवणीकडे. समोरचा बोलत असायचा आणि काकांच्या उजव्या अंगठ्याचं वाढवलेलं नख त्याच्या पिशवीच्या नाहीतर बाहीच्या टाक्यांवरून सरकत असायचं. ओठ नुसते हलायचे. इंचाला किती टाके पडलेत ते मोजणं चाललेलं असे. एस.टी.त बसायच्या आधी ते सीटची शिवण मोजत, आणि मागचे प्रवासी खोळंबून कंडक्टरला हाका मारत.

वारंगा फाट्यावर त्यांचं ताडपत्री शिवायचं दुकान होतं. नांदेड, हिंगोली, नागपूर अशा तिन्ही अंगांनी ट्रक यायचे, फाटक्या ताडपत्र्या टाकून जायचे. पण त्याआधी पंधराएक वर्षं काका दूरच्या एका शहरातल्या फ्लाइंग क्लबात विमानाच्या पंखांना कापड शिवायचे. विमानाला कापडाचे पंख असतात हे फाट्यावर कुणाला पटत नसे. पुष्पक हे आपल्याच देशात, बेंगळूरला तयार झालेलं दोन माणसांचं लहान विमान. त्याला सांगाडा असायचा आणि वरून सुती कापड. त्यावर डोप नावाचा उग्र वासाचा लेप दिला की कापड हलगीसारखं ताणून बसायचं. काका हे सगळं ज्याला त्याला सांगत, म्हणून त्यांचं नाव पुष्पककाका पडलं. एखादा ड्रायव्हर म्हणायचा, “काका, माझ्या गाडीला बी पंख शिवा की, वसमतला उडत जातो.” काका हातातलं काम न थांबवता विचारायचे, “लोड किती हाय गाडीत?”

मी त्यांच्या शेजारी टायपिंगचं दुकान टाकलं होतं. आमच्या तांड्यावरची मी पहिली बी.ए. इंग्रजी घेऊन झाले. हे मी आजही आधी सांगते, कारण माझ्या याडीनं, म्हणजे आईनं, त्यासाठी लोकांच्या शेतात हळद काढली आहे. नोकरी मिळेना म्हणून जुना टाइपरायटर घेतला. पाटीवर नावापुढं बी.ए. रंगवून घेतलं, तेव्हा काका पाटीखाली उभे राहून म्हणाले, “बराबर केलं बाई. कारागिरानं आपली खूण ठेवावीच.”

दुसऱ्याच दिवशी ते एक जाड रजिस्टर घेऊन आले. त्यात एका पुष्पकला एक पान होतं. विमान कारखान्यातून कधी निघालं, कोणत्या क्लबाकडे गेलं, तिथून कुणी घेतलं, पंख कधी बदलले, कुठं आदळलं, आता कुठं आहे. निम्म्याहून जास्त पानं अर्धवट होती. ती भरायला देशभरच्या क्लबांना, जुन्या मेकॅनिकांना, कुणाकुणा मालकांना इंग्रजीत पत्रं लिहायची होती. मला वाटलं, म्हातारपणाचा छंद आहे, पाच-सहा पत्रांत संपेल.

सात वर्षं चाललं ते. आठवड्याला दोन पत्रं, दर सोमवारी. काका स्टुलावर बसून मराठीत सांगत, मी इंग्रजी करत टाइप करी. उत्तरं मात्र मजेची यायची. एका विमानाचा मालक कुण्या मोठ्या घराण्यातला होता. बायकोनं शपथ घातली म्हणून त्यानं ते एकदाही उडवलं नाही, दसऱ्याला हार घालून पूजा तेवढी केली. एक विमान बागेत खांबावर चढवलेलं होतं. एकाच्या शेपटात कबुतरं राहायची, आणि आताच्या मालकानं कबुतरांचाही हिशेब कळवला होता. काका सगळं त्या त्या पानावर उतरवून घेत. हिंगोली जिल्हा झाला तेव्हा त्यांनी पत्ता बदलला, पण खाली कंसात ‘पूर्वीचा जिल्हा परभणी’ हे टाइप करायला लावलंच. ज्यांना आधी कळवलंय त्यांचं पत्र चुकू नये म्हणून.

हे सगळं कशासाठी आहे ते पहिल्याच पावसाळ्यात कळलं. रजिस्टरमधल्या एका पानावर नुसती दोन अक्षरं होती, एल आणि के. विमानाच्या अंगावरच्या नावातली ती शेवटची. काका म्हणाले, “ह्याचे पंख मी शिवले. आठ महिन्यांनी पडलं. शिकाऊ पोरगं होतं आत.” चौकशीला साहेब आले, काकांना तीन प्रश्न विचारून गेले. निकाल काय लागला ते शिवणाऱ्याला कोण सांगणार. काका त्याच वर्षी नोकरी सोडून गावाकडे आले. पडलेल्या विमानाबद्दल थेट विचारलं की क्लबवाले उत्तरच देत नाहीत, हे त्यांनी आधी करून पाहिलं होतं. म्हणून त्यांनी ही वाट काढली. सगळ्या पुष्पकांचा इतिहास विचारायचा, लोक हौसेनं सांगतात, आणि सांगता सांगता कुणीतरी एल-केबद्दल बोलून जाईल. त्यांना एवढंच पाहिजे होतं, की कापड सुटलं होतं का.

ते पोरगं रोज दुपारी त्यांच्या डब्यातली भाकरी खायचं. हे त्यांनी एकदाच सांगितलं, परत कधी नाही.

काकांचं एक बोलणं फाट्यावर सगळ्यांना पाठ होतं: “दोन गाठी नियमाच्या, तिसरी घरची.” पंखाच्या सांगाड्याला कापड शिवताना प्रत्येक पट्टीच्या शेवटी दोन गाठी मारायचा नियम होता. काका तिसरी मारत, उलट्या अंगानं. साहेब म्हणत, दोरा वाया घालवतोस. ताडपत्रीलाही त्यांच्या तीनच गाठी असत. त्यामुळं काकांनी शिवलेली ताडपत्री पुसेगावच्या बाजारात दिसली तरी मला ओळखू यायची.

पाचव्या-सहाव्या वर्षी मी थकले. खरं सांगते, कंटाळले. बी.एड. झालं होतं, मुलाखती देऊन राहिले होते, सगळीकडे नंतर कळवतो म्हणत होते. घरी लग्नाचं चाललेलं. आणि दर सोमवारी काका स्टुलावर. त्यांना मोतीबिंदू झाला होता, साखरही होती. डॉक्टर ऑपरेशनला थांबा म्हणत होते. काकू, म्हणजे त्यांची बायको, एकदा माझ्याकडे येऊन बसल्या. म्हणाल्या, “बाई, ह्यांना झोपंत बी टाके मोजायची सवय हाय. कायतरी उत्तर येऊ द्या एकदाचं.”

मग मी ते केलं. एक रिटायर इंजिनिअर मनानं तयार केला, त्याला एक शहर दिलं, आणि त्याच्या नावानं काकांना पत्र टाइप केलं. एल-केच्या अपघातात इंजिन बंद पडलं होतं, कापड शेवटपर्यंत शाबूत होतं, असं. त्या शहराकडं जाणाऱ्या एका ड्रायव्हरजवळ पाकीट दिलं, त्यानं तिकडून पोस्टात टाकलं. आठ दिवसांनी पत्र फाट्यावर आलं. काकांनी ते माझ्याकडूनच वाचून घेतलं. मी वाचलं, मराठीत सांगितलं. वाटलं होतं रडतील.

त्यांनी कागद मागून घेतला, उलटा केला आणि मागच्या बाजूनं अक्षरांवरून नख फिरवलं. बराच वेळ.

“ह्यातलं एक अक्षर दर बारीला खोल रुततंय,” ते म्हणाले. “तुमच्या मशीनचं बी रुततंय, बाई.”

त्यांनी कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवला आणि सांगितलं की पुढच्या सोमवारी नेहमीची दोन पत्रं टाकायची आहेत, घाई नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

सव्वा वर्षानं खरं पत्र आलं. दक्षिणेतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं, हातानं लिहिलेलं, थरथरतं इंग्रजी. त्यानं आपल्या जुन्या वह्या काढून बघितल्या होत्या. पडण्याच्या तीन महिने आधी एल-के दुरुस्तीला त्याच्याकडे गेलं होतं, तेव्हा त्याचे पंख उतरवून दुसऱ्या एका पुष्पकला चढवले होते, कारण त्या दुसऱ्याची तपासणी जवळ आली होती. एल-केला आणखी एका क्लबातून आलेले पंख बसवले. म्हणजे पडलेलं विमान एल-के, पण काकांनी शिवलेले पंख त्याच्यावर नव्हतेच. ते पुढं कितीतरी वर्षं उडाले. ज्या विमानाला ते होते ते आता एका तंत्रशाळेच्या आवारात उभं आहे.

मी पळतच दुकानात गेले. सगळं वाचून दाखवलं, मग परत एकदा. काकांनी कागद हातात घेतला. आता त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं, आणि शाईच्या अक्षरांवर नखाला काही लागत नव्हतं.

“चांगलं लिवलं बाई,” ते म्हणाले. “ह्या टायमाला हातानं लिवलं.”

मी शपथ घेतली. याडीची घेतली. पाकिटावरचा शिक्का दाखवला. ते हसले आणि म्हणाले की पाकिटाचं काय, पाकीट मागच्या बारीला पण बराबर आलं होतं. वर माझंच समाधान केल्यासारखं म्हणाले, “तकलीफ नका करून घेऊ. तुमी माझ्यासाठी करून राहिल्या, मला समजतं.”

त्यानंतर ते सोमवारी येईनासे झाले. माझ्यावर रागावून नाही. चहा पाठवायचे, माझ्या दुकानापुढचा फाटका कापडी मांडवही त्यांनी चाचपत चाचपत नवा शिवून दिला. पण रजिस्टर बंद झालं. मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या, त्यांतली ही अशी, की चांगल्या मनानं केली आणि एका माणसाच्या हातातलं खरं खोटं करून टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात मला सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेवर ऑर्डर मिळाली. रुजू व्हायला पंधरा दिवस होते. घरी सांगितलं की प्रशिक्षण आहे, आणि दोन एस.टी. आणि एक रेल्वे करून ती तंत्रशाळा गाठली. सुट्टीमुळं आवारात चौकीदार तेवढा होता. पुष्पक शेडच्या कडेला उभं होतं, एका चाकावर कललेलं. सात वर्षं त्याची भावंडं टाइप केली होती, पण डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होते. वाटलं होतं त्याहून फारच लहान. पंखाचं कापड उन्हानं कुजून खाली लोंबत होतं. मी वाकून आतल्या पट्ट्या बघत गेले. पट्टीच्या शेवटी दोन गाठी, आणि तिसरी उलट्या अंगानं.

चौकीदाराला म्हटलं, यातला एक तुकडा पाहिजे. तो हिंदीत म्हणाला, बाई, सगळंच घेऊन जा, झाडायचं काम वाचेल. मी वीतभर घेतला, कुजलेल्या लाकडी पट्टीसकट.

फाट्यावर उतरले तेव्हा काका दुकानाच्या ओट्यावर बसले होते. काकू आत ताडपत्रीला तेल लावत होत्या. मी काही सांगितलं नाही. सांगून पटणार नव्हतं. तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बाजूला बसले.

त्यांनी आधी वास घेतला. मग नख लावलं. ओठ हलायला लागले. पट्टीच्या शेवटी आले, गाठी चाचपल्या, एक, दोन, आणि तिसरीवर अंगठा थांबला. एक ट्रक हॉर्न देत गेला. काकू हातातलं काम सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या.

“कोणत्या विमानाचं?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. पत्रातल्या म्हाताऱ्यानं सांगितलेल्या विमानाचंच.

ते परत पहिल्या टाक्यापासून मोजत आले. मध्येच थांबले, मागं गेले, परत आले. मला वाटलं, अजून खात्री पटत नाही.

“इथं एक टाका राहिलाय,” ते म्हणाले. “माझ्याच हातून राहिलाय.” आणि थोड्या वेळानं, “किती वर्सं उडालं म्हणले ते?”

“पुष्कळ वर्षं, काका.”

“एक टाका कमी असून.”

एवढंच. मग त्यांनी काकूंना रजिस्टर आणायला सांगितलं, आणि मला एल-केच्या पानावर पंख बदलल्याची नोंद करायला लावली. दुसऱ्या विमानाच्या पानावर लिहायला सांगितलं की पंख कुणी शिवले, आणि कुठं एक टाका राहिला. “ते बी लिवा,” म्हणाले. “इतिहास हाय तर पुरा पाहिजे.” शेवटी एक पत्र सांगितलं. एल-केवर नंतर चढवलेले पंख ज्या क्लबातून आले होते, त्याला. त्या पंखांचं कापड शिवणारा जिवंत असेल तर त्याचा पत्ता कळवा. मी विचारलं, त्याला काय कळवायचं? काका म्हणाले, “काय न्हाई. विचारा, झोप येती का.”

त्याचं उत्तर आलं नाही. काका त्यानंतर दीड वर्षानं गेले. मी शाळेवर होते, मातीला पोचले नाही. काकूंनी रजिस्टर माझ्याकडं पाठवलं, ताडपत्रीच्या तुकड्यात शिवून. शिवण काकूंच्या हातची होती, गाठी तीन होत्या. ती मी अजून उसवलेली नाही. कधीमधी एखाद्या जुन्या मालकाचं पत्र फाट्यावरून फिरत शाळेच्या पत्त्यावर येतं. मी दिवसभर वर्ग घेऊन आलेली असते, डोळे मिटत असतात. तरी सोमवार बघून मी बसते आणि हातानं उत्तर लिहिते.