नऊ किलो चारशे

माझ्या हातून एक मुलगी आठ महिने वाढली. साडेसात-आठ किलोची नऊ किलो चारशे झाली, उभी राहिली, चालायला लागली. त्या आठ महिन्यांत मी तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

मी अंगणवाडी सेविका. अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या बाजूला, भाड्याच्या एका खोलीत आमची अंगणवाडी भरायची. आजूबाजूला टॉवर उठले तेव्हा सगळ्यांना वाटलं, वस्ती वाढली, आता पोरंच पोरं. कुठलं काय! टॉवरवाल्यांच्या मुलांना पिवळी बस लागते. ते बघून गावातल्यांनीही आपली मुलं नर्सरीत घातली. उरली ती टॉवर बांधणाऱ्यांची मुलं, आणि शेवटचा स्लॅब पडला की ती पुढच्या साइटवर जातात. वरून हुकूम मात्र पक्का होता: पट ठरलेल्या आकड्याखाली गेला की अंगणवाडी बंद करायची आणि हायवेपलीकडच्या अंगणवाडीत मिसळायची. तीन वर्षांचं पोर हायवे ओलांडून कोण पाठवणार, हे विचारायला त्या हुकमात जागा नव्हती. आमचा पट नेमका त्या आकड्यावर येऊन थांबला होता. एक मूल कमी झालं असतं तर खोलीला कुलूप लागलं असतं.

त्या मुलीचं उष्टावण मीच केलं होतं. सहा महिन्यांच्या बाळांना अंगणवाडीत पहिला घास भरवायचा, असा आमच्याकडे ठरलेला दिवस असतो. सरकारी खर्चात वाटी बसत नाही, म्हणून मी माझ्या लेकाची चांदीची वाटी घरून नेली. तिची आई साइटवरून धावत आली होती. मराठवाड्यातली, विशी-बाविशीची पोर. नखांत सिमेंट होतं, म्हणून लेकीला घ्यायच्या आधी तिने दोनदा हात धुतले. मुलीने पहिल्याच घासाला चमचा जो चावून धरला तो सोडेचना. आम्ही सगळ्या हसलो.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची साइट संपली आणि ती माणसं न सांगताच गेली. वजनाच्या दिवशी मदतनीस मावशी झोपड्यांकडे जाऊन परत आली आणि म्हणाली, "पत्रं पन काढून नेलान त्यांनी."

मुलांची नावं-वजनं ज्यात भरतो त्या सरकारी फोनमध्ये नियमाने मी "स्थलांतरित" असं लिहायला हवं होतं. मी नाही लिहिलं. एकच महिना ढकलू, तेवढ्यात कोणीतरी नवीन येईल, असा विचार केला आणि वजनाच्या रकान्यात अंदाजाने आठ किलो टाकले. हे काही मी शोधून काढलेलं नाही. मूल त्या दिवशी मामाकडे गेलेलं असलं की आम्ही सगळ्याजणी थोडाफार अंदाज लिहितो. त्यात कोणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं.

पुढच्या महिन्यात कळलं की तिला तेवढ्यावरच ठेवता येत नाही. वजन वाढलं नाही तर फोन लाल होतो, लाल झाला की आमच्या पर्यवेक्षिका मॅडम मुलाच्या घरी भेट द्यायला येतात, आणि घर तर उरलेलंच नव्हतं. म्हणून मी दोनशे ग्रॅम वाढवले. मग आणखी दोनशे. मी तिला वाढवत गेले, कारण वाढवल्याशिवाय माझी सुटका नव्हती. तिच्या नावाची पोषण आहाराची पाकिटं येत होती, ती मी कोणाला दिली नाहीत. एवढी लाज शिल्लक होती. ती मी पत्र्याच्या पेटीत रचून ठेवत होते. एका महिन्यात फोनने विचारलं, मूल आधाराशिवाय चालतं का? मी जरा विचार केला. दीड वर्षाची होत आली, चालत असणार. "होय" केलं.

त्याच दुपारी रव्याचं पाकीट फुटलं. मुलं घरी गेली होती, मी रजिस्टर लिहीत होते. मावशी झाडू घेऊन वळली ती तशीच उभी राहिली. रव्यात पाऊल उमटलं होतं, माझ्या बोटाएवढं, पेटीकडे जाणारं. एकच.

"गावात काय पोरांचा दुष्काळ पडलाय?" मी तिच्यावर ओरडले. "आलं असेल कोणाचं रांगत."

"रांगत्या पोराचं पाऊल असं उठतं व्हय, बाई?" ती म्हणाली. झाडू तिच्या हातून घेऊन मी ते पुसून टाकलं.

त्यानंतर मी त्या पेटीकडे पाठ करून बसेनाशी झाले. संक्रांतीनंतरच्या वजनाला सगळी मुलं मोजून झाली, काटा रिकामा होता आणि पडद्यावर आकडा तसाच राहिला: नऊ किलो दोनशे. बॅटरी काढली, घातली, तरी तोच. मावशी म्हणाली, "उतरंना ती." मी खेकसले. काटा बिघडला होता, दुसरं काही नाही. तो नंतर दुरुस्तही करून आणला. पण त्या महिन्यात तिच्या नावापुढे मी नऊ किलो दोनशेच लिहिले. दुसरा आकडा लिहायची हिंमत झाली नाही.

मग नवा नियम आला. पाकीट देताना आईचा चेहरा फोनसमोर धरून जुळवायचा. चेहरा जुळला नाही तर नाव आपोआप गळणार. म्हणजे आता ती बाई शोधणं भाग होतं. मी त्यांनी बांधलेल्या टॉवरच्या वॉचमनला गाठलं. तो म्हणाला, "वो लोग तो बदलापूर गये मॅडम, नदी के साइड में, नया काम है." दोन पाकिटं पिशवीत टाकून मी निघाले. खरं सांगते, वाटेत मला आनंदच होत होता. मुलगी केवढी झाली असेल, मला ओळखेल का, असलंच काहीबाही मनात येत होतं. तिच्या मापाचा एक फ्रॉकही घेतला मी.

आई साइटवर विटा वाहत होती. मला बघताच डोक्यावरची पाटी उतरवून आली. पोट पुढे आलेलं होतं, पाचवा-सहावा महिना असावा. मी म्हटलं, "लेक कुठाय?"

"ती गेली की, ताई."

मला आधी वाटलं, गावी गेली.

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. जुलाब लागले. तीन दिवसांत सुकली." ती पदराने हात पुसत होती, पुन्हा पुन्हा. "इथल्या अंगणवाडीत दोनदा गेले होते मी. त्या बाईंनी मशिनीत बघितलं. म्हणल्या, हिचं नाव अंबरनाथला चालू हाय, इथं घेता येत न्हाई. परत गेले तर म्हणल्या, अगं, ह्या महिन्याचं वजनबी झालंय तिचं तिकडं. आठ किलो, चांगलंय म्हणे. मी म्हणलं, माझ्या काखंत हाय ती, बघा की. तर म्हणल्या, मशीन ऐकत न्हाई."

मी खाली बसले. तिथेच, विटांच्या ढिगावर. नाव लागलं असतं तर मूल वाचलंच असतं, असं कोणी सांगू शकत नाही. पण तिथली सेविका घरी गेली असती, साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं ते सांगितलं असतं, दवाखान्यात ढकललं असतं. मी तेच करते, रोज करते. ते सगळं त्या आठ किलोंनी अडवलं होतं आणि ते आठ किलो माझे होते.

तिला मी सगळं सांगितलं. ती रागावेल, चार बायका जमवेल, अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, "बघू."

मी फोन पुढे केला. उष्टावणाच्या दिवशीचा फोटो होता, चमचा तोंडात. खाली वजनाची रेघ, हिरवी, वर वर चढत गेलेली. तिने रेघेवरून बोट नेलं.

"आता किती हाय?"

"नऊ किलो चारशे."

तिने दोन्ही हात जरा पुढे घेतले आणि काही वेळ तसेच धरून ठेवले. मग खाली सोडले.

"नाव काढा, ताई," ती म्हणाली. "माझंबी नाव तिच्यासंगं तिकडंच अडकलंय. ते सुटलं तर ह्याला तरी इथं घेतील." तिने पोटाकडे बघितलं. "फक्त तारीख बरोबर टाका. नागपंचमीचा दुसरा दिवस. तिचं दुसरं काईच लिवलेलं न्हाई कुठं. दाखला काढला न्हाई आम्ही."

मी शब्द दिला.

अंगणवाडीत परत आले, मावशीला बसवलं आणि सांगितलं की आता आपला पट मोडणार. तिचं काम जाणार होतं, तरी ती "काढा" एवढंच म्हणाली. मी "मृत्यू" निवडलं आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाकली. फोनने घेतली नाही. मृत्यूची तारीख शेवटच्या वजनाच्या आधीची असू शकत नाही, असं लाल अक्षरांत आलं. पुन्हा टाकली. पुन्हा तेच. मॅडमना फोन केला, त्यांनीही वर विचारलं. मागची वजनं कोणालाच पुसता येत नव्हती. त्या म्हणाल्या, पुढची कुठलीही तारीख चालेल, तुम्ही ठरवा.

त्या आईचा फोन संध्याकाळी आला. "टाकली का, ताई?"

मी आजची तारीख टाकली होती. फोनने ती लगेच घेतली होती, हिरवी खूण करून.

"टाकली," मी म्हटलं.

"बरोबर टाकली नव्हं?"

मावशी पेटीतली पाकिटं काढून मोजत होती. ती मोजायची थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, "हो."